टॉकीजचा आवाज गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नाही, शाळेतली नाही, टॉकीजच्या बाल्कनीतली. नगरच्या बाजारपेठेमागे एक टॉकीज आहे, जिची पाटी उन्हाने निम्मी पांढरी झाली आहे. तिथे भिंतीकडून दुसरी जागा माझी. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. मीही सवयीने तसंच म्हटलं तर रागावू नका.

माझं अंग सागाचं, पाय बिडाचे, आणि पोटात काथ्या. मला घडवलं पुंजाराम सुताराने. त्याचा रंधा आणि त्याचं गुणगुणणं एकाच तालात चालायचं. प्रत्येक खुर्ची पुरी झाली की तो स्वतः तिच्यावर बसायचा, डोळे मिटायचा, 'रामकृष्ण हरी' म्हणायचा आणि मगच पुढच्या खुर्चीला हात घालायचा. माझ्यावर बसलेलं पहिलं माणूस ते. त्या नामाचा ओलावा माझ्या लाकडात अजून आहे, असं मला आपलं वाटतं.

मग मानाचे दिवस आले. खेड्यापाड्यांतून टेम्पो भरभरून माणसं यायची. नवी सून आली की तिला बाल्कनीत बसवायचे. माझ्या हातांवर किती जणींनी डोळे पुसले असतील! लोक म्हणायचे, "बाल्कनीची खुर्ची म्हणजे जावयाची गादी." पुढे घरोघरी टीव्ही आला, मग खिशात मोबाईल आला आणि माझं कौतुक आटलं. कोणी च्युइंगम चिकटवलं, कोणी पान थुंकलं. एकदा खेळ चालू असताना आवाज बंद पडला, तेव्हा एकाने रागाने ब्लेड काढून माझी पाठ उभी फाडली. मशीन बिघडलं, त्यात माझा काय दोष? तेव्हापासून टॉकीजमध्ये आवाज गेला की माझ्या स्प्रिंगा ताठ होतात.

पण माझं खरं सुख वेगळंच होतं. आमचे मालक श्रावणात टॉकीजमध्ये कीर्तनाचा सप्ताह करायचे. सकाळी कीर्तन, दुपारपासून सिनेमा. पडद्यापुढच्या अरुंद ओट्यावर बुवा उभे, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला पखवाज. त्या सकाळी माझ्या बिडाच्या पायांनासुद्धा नाचावंसं वाटायचं. तिथे मला एक गोष्ट कळली. सिनेमा बघणाऱ्याने गप्प बसायचं असतं, पण कीर्तन ऐकणारा गप्प बसला तर बुवांचा घसा कोरडा पडतो. बुवा कथा सांगता सांगता थांबतात, मागे वळून म्हणतात, "मग काय झालं?" आणि टाळकरी ते वाक्य झेलतात. सांगणारा श्वास घेतो, तेवढ्या वेळात गोष्ट खाली पडू द्यायची नाही, हे त्यांचं काम. टाळ वाजवणं त्यानंतरचं.

हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या माघातली ती दुपार. आता आठवलं की मी मनातल्या मनात हसते. पण त्या दुपारी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता.

दुपारचा खेळ होता. एका गाजलेल्या कादंबरीवरचा सिनेमा. ती कादंबरी कॉलेजातल्या मुलींनी उशाशी ठेवून वाचलेली, आणि तिच्यात निकिताचा जीव अडकलेला. निकिता नगरचीच, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, हळू आवाजाची मुलगी. ती माझ्यावर बसली. तिच्या डाव्या बाजूला भावाची बायको पूजा बसली. उजवीकडची जागा रिकामी होती. तिथे बसणारा पारनेरहून एसटीने यायचा होता आणि एसटीला उशीर झाला होता.

"वन्सं, नीट बघून घ्या बाई त्याला," पूजा म्हणाली. "आबांनी बजावलंय, आज संध्याकाळी पाहुण्यांना हो की नाही ते कळवायचंय. ते कळवणार तुमच्या तोंडचा शब्द ऐकूनच."

"काय बघू, वहिनी? पोह्यांच्या वेळी त्याच्या काकांनी सगळं विचारलं, आबांनी सगळं सांगितलं. आम्ही दोघं मिठाची गुळणी धरून बसलो होतो."

"म्हणून तर तुमच्या दादानं सिनेमाची तिकिटं काढली. आणि मी काही ऐकत नाही हं. माझं लक्ष पडद्याकडं."

निकिता हसली आणि मग म्हणाली, "गप्प असतो, तेवढं एक बरं आहे. आपल्या घरी सगळे एकाच वेळी बोलतात. मी वाक्य सुरू केलं की आबांना टीव्हीतलं काहीतरी आठवतं. माझं वाक्य तिथंच राहतं."

मला वाईट वाटलं. माझ्यावर बसणाऱ्या पुष्कळ जणांची वाक्यं अशी अर्धी राहिलेली मी ऐकली आहेत.

इतक्यात बाबाजान चाचांची बॅटरी चमकली. बाबाजान चाचा आमचे डोअरकीपर, टॉकीजइतकेच जुने. त्यांच्या उजेडामागून एक उंच तरुण धापा टाकत आला. हा गोरक्ष. पारनेरजवळच्या खेड्यातला, दूध संकलन केंद्रावर काम करणारा. त्याने बसता बसता एक डबा पुढे केला.

"उशीर झाला, माफ करा. सुप्याला गाडी लई थांबली. हा आमच्या रानातला हुरडा हाय. गरम व्हता, आता निवला आसंल. वहिनी, तुमीबी घ्या."

सिनेमा सुरू झाला. कथा एका गावाची होती. त्या गावावर धरण होणार आहे हे गावाला माहीत नाही. केतकी नावाची मुलगी तिथे रोपवाटिका चालवते. जमीन मोजायला आलेला मोजणीदार तिच्या प्रेमात पडतो, पण गाव पाण्याखाली जाणार हे तिला सांगत नाही. निकिताने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि श्वास रोखून पडद्याकडे बघू लागली.

केतकी पहिल्यांदा पडद्यावर आली आणि माझ्या शेजारून मोठ्याने आवाज आला, "रामकृष्ण हरी! आली का माउली!"

निकिताने दचकून बघितलं. गोरक्षचे डोळे पडद्यावर होते. तो पुढे झुकून बसला होता.

मोजणीदार म्हणाला, 'मी असंच आलोय, रस्त्याचं काम आहे.'

"खोटं बोलतोय," गोरक्ष म्हणाला. "व्हय ना? खोटंच."

केतकीने त्याला रोप दिलं.

"घे की लेका! हात काय थरथरतोय!"

मागून एक चष्मेवाले काका म्हणाले, "ओ पाहुणे, कॉमेंट्री बंद करा की. तिकीट काढून आलोय आम्ही."

"व्हय व्हय, चुकलं," गोरक्ष म्हणाला आणि तळहात तोंडावर दाबून बसला. बिचाऱ्याने खरंच प्रयत्न केला. पण मोजणीदार चांदण्यात केतकीजवळ बसला, सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं, तेव्हा तो तळहात सुटला. "सांग की! आता न्हाई सांगितलंस तर कवा सांगशील?"

अख्खी बाल्कनी हसली. कॉलेजच्या पोरांनी शिट्टी मारली. निकिताची नखं माझ्या हातात रुतली.

"तुम्ही जरा गप्प बसाल का?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"बसतो. राग आला का? लहानपणापासून काकांच्या कीर्तनात टाळकरी म्हणून उभा ऱ्हातो ना, तोंडाला सवय लागलीय. थेट्रात मी कधी आलोच न्हाई फारसा."

मित्रांनो, मला तेव्हाच सगळं उमगलं. हा मुलगा बडबडत नव्हता. तो सिनेमाला साथ देत होता! पडद्यावरची माणसं आपल्याला काही सांगताहेत, आणि आपण उत्तर दिलं नाही तर ती एकटी पडतील, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, निकिता, अगं हा वेगळा आहे. पण खुर्चीला आवाज एकच असतो, तोही माणूस उठून गेल्यावरचा.

मध्यंतराआधी मोजणीदाराने धरणाच्या हद्दीचा दगड नेमका केतकीच्या रोपांच्या वाफ्यात रोवला. तिला सगळं कळलं. दिवे लागले. गोरक्ष चहा आणायला बाहेर गेला, तशी निकिता पूजाकडे वळली.

"वहिनी, मी नाही म्हणणार."

"अगं बाई! हुरडा तर किती प्रेमानं आणला."

"माणूस वाईट आहे असं कुठं म्हणते मी? पण हे आयुष्यभर? एका रेडिओच्या घरातून उठून दुसऱ्या रेडिओच्या घरात जाऊ? जो एवढा बोलतो तो ऐकणार कधी?" तिने हुरड्याचा डबा पूजाकडे सरकवला. "आबांना सांगते, नाही. तुम्हीच लावा फोन."

"सिनेमा तरी संपू द्या," पूजा म्हणाली. पण तिने पर्स उघडून मोबाईल मांडीवर काढून ठेवला.

माझा काथ्या गोळा झाला. एक चांगलं घर जुळता जुळता मोडत होतं, ते माझ्या अंगावर बसून, आणि मला काहीही करता येत नव्हतं. मी पुंजारामाचं ते नाम घेतलं. दुसरं काय घेणार?

गोरक्ष चहा घेऊन आला. निकिताने कप घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला काहीतरी कळलं असावं. तो अंग चोरून बसला. दिवे गेले, चित्र सुरू झालं. केतकी रागाने मोजणीदाराला काहीतरी सुनावत होती. तिचे ओठ हलत होते. पण आवाज नव्हता.

आवाज गेला होता.

माझ्या फाटक्या पाठीत जुनी कळ उठली. शिट्ट्या, आरडाओरडा, पाय आपटणं सुरू झालं. बाबाजान चाचा बॅटरी हलवत आले. "अरे बैठो भाई, बसा बसा! आवाजाचं मशीन बसलंय. मेकॅनिक निघालाय, पोचतोच हाय. तवर चित्र चालू ठेवतो, खुर्च्यांवर राग काढू नका!" मनात आलं, खुदा तुमचं भलं करो, चाचा.

निम्मे लोक उठले. निकिताही उठणार, एवढ्यात गोरक्ष हळूच म्हणाला, "तुमी हे पुस्तक वाचलंय ना?"

"हो."

"मग एवढंच सांगा, ती आता काय म्हणाली त्याला?"

निकिताने पडद्याकडे बघितलं. "म्हणाली, तू माझ्या दारात रोज चहा प्यालास, आणि रोज माझं दार मोजत होतास."

"आई गं!" गोरक्ष म्हणाला. आणि मग अगदी हळू, "मग?"

निकिता थांबली. मला तिची सवय माहीत झाली होती. वाक्य झालं की ती कोणीतरी मध्ये बोलायची वाट बघते. कोणी बोललं नाही. गोरक्षने पडद्याकडे पाठ केली होती आणि तो पूर्ण तिच्याकडे वळून बसला होता.

"मग तो म्हणाला, मला सांगायला बंदी होती. ती म्हणाली, मला विचारायला बंदी नव्हती, पण मला वाटलं, विचारायची वेळ येणार नाही."

"व्हय," तो म्हणाला. "मग गावाचं काय झालं?"

निकिता सांगू लागली. गाव कसं उठलं, देव कसे हलवले, म्हाताऱ्यांनी उंबरे कसे काढून घेतले. ती जिथे श्वास घ्यायची तिथे तो 'मग?' म्हणायचा. जिथे तिचा शब्द अडायचा तिथे तिचंच शेवटचं वाक्य परत म्हणायचा, "उंबरे काढून घेतले..." आणि ती तिथून पुढे जायची. एकदाही त्याने तिचं वाक्य तोडलं नाही. हळूहळू तिचा आवाज वर येऊ लागला. असा आवाज तिच्याजवळ आहे हे मलाही माहीत नव्हतं, पूजालाही नसावं, कारण तिचा हुरड्याचा घास हातातच राहिला होता.

मागून चष्मेवाले काका खोकले. "ताई, जरा मोठ्यानं सांगा की. आम्हाला 'मग' तेवढं ऐकू येतंय."

सगळे हसले. निकिता लाजली, पण मग उठून उभीच राहिली. माझी बैठक खट् करून वर गेली. बाहेर निघालेले लोक दारातून परत फिरले.

तेवढ्यात पडद्यावर बर्फ पडू लागला. केतकी पातळ साडी नेसून डोंगरावर नाचत होती.

"ह्ये कुठलं गाव आता?" गोरक्ष म्हणाला.

"हे पुस्तकात नाही!" निकिता चिडून म्हणाली. "पुस्तकात ती तेव्हा नव्या वसाहतीत मुरमाड जमिनीत खड्डे खणते आहे, आणि एकही रोप जगत नाहीये."

"मग नाचतीय कशी?"

"ते दिग्दर्शकाला विचारा!"

बाल्कनीत असा हशा पिकला की खालच्या वर्गातले लोक माना वर करून बघू लागले. पोरांपैकी एकाने वरून हाक दिली, "वर या रे, वर खरा सिनेमा चाललाय!"

गाणं संपलं. निकिता आता पडद्याकडे बघतही नव्हती. "वर्ष गेलं," ती म्हणाली. "घरात ठेवलेलं एक सोडून तिची सगळी रोपं मेली. ती कोणाशी बोलायची बंद झाली. आणि एके दिवशी पहाटे दारात टेम्पो थांबला."

"टेम्पो थांबला," गोरक्ष म्हणाला, आणि त्याच्यामागून चष्मेवाले काकाही म्हणाले, आणि पोरंही.

"त्यात तो होता. नोकरी सोडून आला होता."

बरोबर त्याच क्षणी मेकॅनिकने मशीन दुरुस्त केलं. चारी भिंतींतून कर्कश संगीत फुटलं, आणि पडद्यावरचा मोजणीदार मोटरसायकलवरून गुलाबाचा गुच्छ हलवत ओरडला, 'केतकीऽऽ! आय लव्ह यू!'

"अरे बंद कर!" अख्खी बाल्कनी ओरडली. "आवाज बंद कर! ताईंचं होऊ दे!"

बाबाजान चाचा धावत आले. "या अल्ला! आवाज न्हाई म्हणून वरडता, आला म्हणूनबी वरडता?" पण त्यांनी कपाळाला हात लावत वर मशीनच्या खोलीकडे खूण केली, आणि टॉकीज पुन्हा शांत झाली. माझ्या उभ्या आयुष्यात मी असं कधी बघितलं नव्हतं.

"टेम्पोत गुलाब नव्हते," निकिता म्हणाली. "पोती होती. पाणी चढायच्या आधी त्याने तिच्या जुन्या वाफ्यातली माती भरून ठेवली होती. वर्षभर सांभाळली होती. तो काही बोलला नाही. एकेक पोतं उतरवून त्याने त्या मुरमावर ओतलं. तिने घरातून शेवटचं उरलेलं रोप आणलं, त्या मातीत लावलं. आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, पाणी घाल."

ती थांबली. "संपलं," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. बाल्कनीतून पडल्या, खालूनही पडल्या. निकिताने माझी बैठक खाली केली आणि मटकन बसली. तिचा ऊर धपापत होता. तिने उजवीकडे बघितलं.

गोरक्ष गप्प होता. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. ना 'मग', ना 'व्हय', ना 'रामकृष्ण हरी'.

निकिता घाबरली. "काय झालं? चुकलं का काही?" तिने थोडी वाट बघितली. मग तिचा हात माझ्या हातावरून सरकून त्याच्या बाहीपर्यंत गेला. "अहो, बोला ना."

त्याने नाक पुसलं. "काय बोलू? काका म्हणत्यात, कथा मनात उतरली की टाळ खाली ठेवायचा. तसं झालं माझं. एक विचारू? तुमी घरी अशाच सांगता का गोष्टी?"

"घरी कोणी विचारत नाही."

"मी विचारीन," तो म्हणाला. "पर मग थेट्रात नगं यायला. लोक मारत्यात."

निकिता इतकी हसली की मी हलले. पूजा आता उघडउघड ऐकत होती. आणि पूजाच्या मांडीवरचा फोन वाजला.

"आबांचा आहे," ती कुजबुजली. तिचा चेहरा पडला होता. "काय सांगू, वन्सं?"

"द्या इकडं." निकिताने फोन घेतला. "आबा, त्या स्थळाबद्दल... हो, सिनेमा झाला... नाही, जेवण नाही झालं अजून... आबा. आबा, टीव्ही बंद करा आधी. माझं वाक्य पूर्ण होऊ द्या."

पलीकडे बहुधा टीव्ही बंद झाला, कारण पुढचं तिने सावकाश सांगितलं. "मला पसंत आहे. मी हो म्हणते. आणि हे मी सांगतेय, तुम्ही नुसतं कळवायचंय."

गोरक्ष ताडकन उठला, दोन्ही हात वर केले आणि जी आरोळी दिली ती श्रावणातल्या सप्ताहात शोभली असती. चष्मेवाले काका सगळ्यांत आधी उभे राहिले. ज्या टॉकीजमध्ये आवाज गेला म्हणून माझी पाठ फाटली होती, तिथे त्या दिवशी कोणी मला ओरखडासुद्धा काढला नाही. माझा जीव असा भांड्यात पडला की काय सांगू! कित्येक वर्षांनी माझी एकेक स्प्रिंग सैल झाली.

तर मित्रांनो, मी लाकूड-काथ्याची, मला काय अक्कल? पण माणसांचं वजन मी अंगावर घेतलं आहे, आणि एवढं सांगते. ज्याचं कोणी ऐकत नाही ते माणूस बसतं तेव्हा जड लागतं, आणि मनातलं सगळं सांगून झालेलं माणूस हलकं लागतं. तुमच्या घरात कोणीतरी हळू आवाजाचं असेल. बहीण असेल, आजोबा असतील, शेजारी बसणारा मित्र असेल. त्याचं वाक्य मध्ये तोडू नका. तो श्वास घ्यायला थांबला की एवढंच म्हणा, मग? आणि खरंच वाट बघा.

आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनाही जपा बरं. निकिता जाता जाता माझ्या पाठीवरच्या फाटलेल्या जागेवर हात ठेवून उभी राहिली होती. ती गेल्यावर बाबाजान चाचा सुई-दोरा घेऊन आले आणि म्हणाले, "ती पोरगी सांगून गेली, चाचा, ही शिवून घ्या." मग ते गुडघ्यांवर बसले, सुईत दोरा ओवला, आणि मला म्हणाले, "बोल गं बाई, कुठं दुखतंय?"